आजोबांना ऐकू येत नाही, म्हणून...



जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात एक छोटीशी आज्ञा आहे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, असे परमेश्वर मोशेच्या द्वारे आपल्या लोकांना बजावतो. आंधळ्याविषयीचा भाग आपल्याला लगेच पटतो. तो ठेच लागून पडेल, त्याला इजा होईल. परंतु बहिऱ्याला दिलेला शाप तर त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. मग त्याचे काय बिघडले? ज्याला कळलेच नाही त्याचा अपमान होतो का?

हा प्रश्न माझ्यापुढे दांडीतल्या एका घरात उभा राहिला. लग्नाचे आमंत्रण द्यायला गेलो होतो. ओटीवर आजोबा जाळे विणत बसले होते. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणापासून बोटीवर गेलेले, पुढे अनेक वर्षे स्वतः तांडेल. मी त्यांच्याशी बोलायला वाकलो, तोच मुलगा म्हणाला, "त्यांना काय सांगता? त्यांना काही ऐकू येत नाही. आम्हाला सांगा." मग चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या. आजोबांच्या औषधांचा खर्च, मागच्या पावसाळ्यातले त्यांचे आजारपण, धाकट्या भावाने कसे हात वर केले, आणि आता आणखी किती दिवस हे चालायचे. सगळे त्यांच्यापासून चार हातांवर, नेहमीच्या आवाजात. आजोबा मध्येच मान वर करून आमच्याकडे पाहत आणि हसत. काय बोलणे चालले आहे हे ठाऊक नसलेला माणूस जसे हसतो तसे. माझ्या घशाखाली चहा उतरेना. मीसुद्धा त्या बोलण्यात दोन वाक्ये टाकली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

घरातली माणसे वाईट नव्हती. आजोबांना वेळेवर जेवण मिळते, अंगावर स्वच्छ कपडे असतात, रविवारी नातू त्यांना मोटारसायकलवर बसवून मिस्साला आणतो. तरीही त्या ओटीवर काहीतरी चुकत होते. त्या आज्ञेच्या शेवटी देवाचे भय धरण्यास सांगितले आहे, त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. बहिऱ्याने ऐकले नाही तरी ऐकणारा कुणीतरी तेथे आहे. शिवाय कान गेले तरी डोळे शाबूत असतात. आपले नाव निघाले की माणसांचे चेहरे कसे होतात, हे बहिऱ्या माणसाइतके कोणीच ओळखत नाही.

निघताना मी मुलाला विचारले, "कानाचे मशीन का नाही घेत?" तो म्हणाला, "आहे की! शिबिरात फुकट मिळालेले. डब्यात पडले आहे. तेच नको म्हणतात." आणि आजोबांनी, हाताच्या खुणांवरून विषय ओळखून, मोठ्याने सांगितले, "या वयात काय करायचे आहे ऐकून?"

हे वाक्य आपण सर्वांनी आपापल्या घरी ऐकले असेल. आपण ते मुकाट्याने मान्य करतो, कारण ते आपल्या सोयीचे असते. त्याला आपण वडीलधाऱ्यांचा समजूतदारपणा म्हणतो, कधी त्यागही म्हणतो. मला प्रश्न पडतो तो असा : घरातला पैसा आधी नातवंडांच्या फीसाठी लागतो, हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याच्या 'नको'ला खरोखर नकार म्हणायचे का? मूल ऐकत नाही असे कळले तर आपण धावतो, कर्ज काढतो, आणि ते योग्यच आहे. परंतु म्हाताऱ्याच्या बाबतीत आपण हिशेब मांडतो : किती वर्षे उरली, किती उपयोग होईल. प्रेमाला असा हिशेब अजिबात करता येत नाही असे मी म्हणणार नाही. तुटपुंज्या कमाईच्या घरात तो करावाच लागतो. पण तो आपण केला आहे एवढे तरी कबूल करावे. तो आजोबांच्या तोंडून वदवून घेऊ नये.

शिवाय त्यांचे कान का गेले, हाही प्रश्न आहेच. वय हे एक कारण. दुसरे कारण बोटीचे डिझेल इंजिन. चाळीस-पन्नास वर्षे त्या धडधडीशेजारी बसून त्यांनी घर चालवले, मुलांना शिकवले. आवाजामुळे आलेले बहिरेपण कामगार विम्याच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील विमा असलेला कामगार त्याच्या आधारे दाद मागू शकतो. मच्छीमाराला हा कायदा लागू होत नाही. समुद्राने घेतलेल्या कानांचे देणे मग कुणी द्यायचे? निदान ज्या घरात ती कमाई आली, त्या घराने तरी ते देणे मानावे.

सरकारी मदत मिळत नाही असे नाही. केंद्र सरकारची दिव्यांगांना साधने देणारी योजना १९८१ पासून आहे. २०१७ पासून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आली. तिच्यात चष्मा, कवळी, काठी यांच्याबरोबर श्रवणयंत्रही दिले जाते. आपल्या राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली आणि पासष्ट वर्षांवरील गरजूंच्या खात्यात एकदाच ३००० रुपये देण्याचे ठरवले. तीन हजारांत चांगले डिजिटल यंत्र येत नाही. खासगी दुकानात एका कानाच्या यंत्राची किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. तपासणीसाठी वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. बोईसरहून गाडीने जाता येते, मात्र म्हाताऱ्या माणसाबरोबर एकाने दिवस मोडायला हवा.

कायद्याची मेख वेगळीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांचा दोष किमान ६० डेसिबल असेल तरच तो माणूस कमी ऐकणारा ठरतो. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. म्हणजे ज्याचा दोष ५० चा आहे त्याला समोरच्याचे बोलणे कुजबुजीसारखे येते, प्रवचन जवळजवळ येतच नाही, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने तो धडधाकट! कुठेतरी रेषा आखावी लागते हे खरे. पण सरकारने आखलेली रेषा घराने आणि धर्मग्रामाने आपली मानण्याचे कारण नाही.

फुकट मिळालेले मशीन डब्यात का गेले, हे मी नंतर नातवाकडून काढून घेतले. शिबिरात एका दिवसात पुष्कळ लोक होते. मशीन कानामागे लावले, "ऐकू येते का?" विचारले, आजोबा "हो" म्हणाले, संपले. घरी आल्यावर ते शिट्टी मारू लागले, कारण कानातला साचा नीट बसत नव्हता. भांड्यांचा आवाज डोक्यात घणासारखा बसे. चार दिवसांनी बॅटरी संपली; ती कुठे मिळते हे कुणाला ठाऊक नव्हते.

ज्यांनी कित्येक वर्षे नीट ऐकलेले नाही, त्यांच्या मेंदूला आवाजाची पुन्हा सवय व्हायला आठवडे लागतात. आधी शांत खोलीत, एका माणसाशी, तासभर. मग हळूहळू जास्त. यंत्राचा आवाज दोन-तीनदा जुळवून घ्यावा लागतो. ते पुसावे लागते, रात्री बॅटरीचे दार उघडे ठेवावे लागते, आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत ओल शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवावे लागते. हे काम म्हातारी बोटे आणि म्हातारे डोळे एकटे करू शकत नाहीत. आपण यंत्र देतो तेव्हा पुढच्या अनेक महिन्यांचा आपला वेळ देण्याचे वचन देतो. ते वचन द्यायचे नसेल तर यंत्र देऊन आपण फक्त आपली बाजू भक्कम करतो : "दिले होते, तेच वापरत नाहीत."

संत मार्कने सांगितलेला तो प्रसंग आठवा. दकापलीस प्रांतात लोक एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला येशूकडे आणतात. 'इप्फाथा' हा शब्द आपल्या लक्षात राहतो. त्याआधीचे मात्र आपण विसरतो. येशूने त्याला आधी गर्दीपासून बाजूला, एकांतात नेले. ज्याला ऐकू येत नाही त्याला गर्दीत किती गोंधळल्यासारखे होते, हे प्रभूने जाणले. मग त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला. शब्द पोहोचण्यापूर्वी स्पर्शाने त्याला सांगितले की मी काय करणार आहे. त्याला घेऊन येणारे लोक होते, हेही विसरू नये. तो एकटा आला नव्हता.

जाता जाता एक गोष्ट. मोठ्याने बोलावे लागेल आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल या भीतीने काही वृद्ध पापनिवेदनाला येणे टाळतात. त्यांनी फादरांना तसे सांगावे. पवित्र वस्त्रे ठेवण्याच्या खोलीत दार लावून पापनिवेदन करता येते, लिहून देता येते. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ९९० वे कलम तर दुभाष्याच्या मदतीनेही हा संस्कार घेण्याची मुभा देते, आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन असते. तसेच, कानात गरम तेल, आगपेटीची काडी किंवा केसांची पिन घालू नये. कित्येकदा नुसता मळ साचलेला असतो आणि डॉक्टर तो काढतात. एकाएकी, एका दिवसात ऐकू येईनासे झाले तर मात्र वाट पाहू नये, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

त्या घरातल्या नातवाने पुढे दोन रविवार मोडले. एकदा नवा साचा बनवायला, एकदा यंत्र जुळवून घ्यायला. रोज संध्याकाळी तो आजोबांजवळ बसून त्यांना जाळ्याच्या आसांचे माप विचारी आणि ते सांगत. सुरुवातीला ते चिडत, यंत्र काढून ठेवत. नाताळाच्या सुमारास ते सकाळपासून जेवणापर्यंत लावू लागले. प्रवचन अजून पूर्ण समजत नाही म्हणतात. चर्चमधला आवाज घुमतो, त्याला त्यांचा इलाज नाही.

परवा त्यांच्या सूनबाई मिस्सानंतर भेटल्या. मी विचारपूस केली. त्या जरा ओशाळून हसल्या आणि म्हणाल्या, "बरे चालले आहे. फक्त आता घरात जपून बोलावे लागते."