पाठीवरचं पाणी

हे चालणं बसूनच करायचं आहे. टेंभुर्णीत असाल तर गच्चीवर बसा, नसाल तर असाल तिथं. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज येईल, तो येऊ द्या. पाठ मात्र ताठ ठेवा, कारण थोड्या वेळानं तिच्यावर ओझं येणार आहे.

सोबत घरच्यांना घ्या. जोडीदार, दोन लेकरं, आई. घरच्यांना मागं ठेवून मनन करायची आपल्याकडे जुनी रीत आहे, ती आज नको. एकट्यानं डोंगरात जाऊन शांत होणं मला तरी फार अवघड वाटत नाही. धाकट्याला तहान लागलीय, आईचा गुडघा ठणकतोय, थोरली सारखी फोनला रेंज शोधतेय, अशा वेळी मन किती शांत राहतं ते बघायचंय.

आधी पाणी भरा. अमेरिकेत युटा-ॲरिझोनाच्या वाळवंटी घळींतून पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्या कुटुंबांना माणशी दिवसाला साधारण चार लिटर पाणी जवळ ठेवायला सांगतात. आपण पाच जण, म्हणजे वीस लिटर. वीस लिटर म्हणजे वीस किलो. डब्याचं, अंथरुणाचं वजन वेगळंच. टँकरच्या रांगेतून डोईवर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन आलेल्या माढा-करमाळ्याच्या बाईला हे गणित शिकवावं लागत नाही. तिच्या मानेला ते पाठ असतं.

बाटल्या भरताना क्षणभर थांबा. हे पाणी उजनी धरणाचं आहे, किंवा उजनीच्या कालव्याचा पाझर लागलेल्या विहिरीचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल. आता वाटणी करा. सारखी वाटणी करू नका. आईच्या पिशवीत एकच बाटली द्या, पण द्याच. रिकाम्या पाठीनं चालायला लावलं तर तिला ते ओझ्याहून जड होईल.

निघा. भीमा नदीच्या वरच्या अंगाला चालायचं आहे.

सुरुवातीला तुमचं पाऊल पुढं पुढं पळेल, पळू द्या. मग मागं वळून बघा, कोण किती मागं राहिलंय. या भागानं पाठीवर संसार घेऊन चालणारी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरणारी आणि पावसाआधी पुन्हा देशावरच्या कोरड्या माळांवर परतणारी धनगरांची बिऱ्हाडं आठवा. घोड्यावर भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या, आणि वर बांधून बसवलेलं लेकरू. बाया घोडी घेऊन पुढच्या मुक्कामाला जाऊन वाडा मांडतात, पुरुष मेंढरं चारत मागून येतात. वाटेत मेंढी व्याली तर कोकरू घोड्यावर चढतं आणि चालीचा वेग मेंढराच्या मानानं ठरतो. शेतातल्या मुक्कामाला तिथला शेतकरी लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. हौसेनं सॅक पाठीवर टाकणाऱ्यानं या चालण्याला साहस म्हणू नये, आणि त्याची कीवही करू नये. त्यातला वेग तेवढा उचलावा. आता धाकट्याच्या पावलाशी तुमचं पाऊल जुळवा. श्वास आपोआप जुळेल.

१९८० साली पूर्ण झालेलं धरण मागं पडलं. डावीकडं पळसदेव. उजनीचा उपयुक्त साठा संपून ती मायनसमध्ये गेली की इथलं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि लोक बघायला गर्दी करतात. इथं थोडं रेंगाळा. धरण भरलं तेव्हा काठच्या गावांनी संसार उचलला. तुम्ही घरून निघताना काय घ्यायचं नि काय ठेवायचं याची चर्चा केलीत, तीच चर्चा त्या घरांतही झाली असेल. फरक एवढाच की त्यांना परत यायचं नव्हतं. जातं घ्यायचं का? दाराची चौकट? त्यांच्या उचललेल्या संसारावर आपला ऊस उभा आहे. अपराधी वाटून घ्यायला सांगत नाही. चालता चालता तेवढं पाठीवर घ्या, वजन पेलवतं का बघा.

भीमेचा काठ सोडून घोडच्या काठाला लागा, घोड सोडून कुकडीला. हा पल्ला भरभर काढू. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात निघोजपाशी थांबा. पलीकडचा काठ टाकळी हाजीचा, तो पुणे जिल्हा. काठावर मळगंगेचं देऊळ आहे आणि मध्ये जमीन फाटून काळ्या खडकाची घळ उघडते. खडकात रांजणाएवढे, विहिरीएवढे खळगे. त्यांना म्हणतातच रांजणखळगे.

लेकरांचा हात धरा. कडा निसरड्या आहेत, खळगे खोल आहेत. घळीत उतरण्याआधी गावात एकदा विचारा, वरच्या धरणातून पाणी सोडलंय का. डोक्यावर ढग नाही म्हणून पाणी येणार नाही असं घळीत कधी धरू नये. ॲरिझोनात १२ ऑगस्ट १९९७ला अँटिलोप घळीत फारसा पाऊस नव्हता. तो वर दूर कुठं तरी पडला आणि त्याच्या लोंढ्यात ११ जण गेले. टेंभुर्णीकराला याचं नवल वाटायला नको. आपल्याकडं वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. आपलं आभाळ कोरडं असताना घाटमाथ्यावर कोसळतो आणि उजनीचे दरवाजे उघडतात, पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली जातं. कुणाच्या तरी आभाळातला पाऊस आपल्या दारात येतो. जगवायलाही येतो, बुडवायलाही.

सावली बघून बसा. तळहात खडकावर टेकवा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड आता उन्हानं तापला आहे. आईलाही हात लावू द्या. १९७२च्या दुष्काळात ती दहा-बारा वर्षांची पोर असेल तर रोजगाराच्या कामावर तिनं हाच काळा दगड फोडला असेल, निदान खडी फोडणाऱ्या आपल्या आईजवळ बसली असेल. तो किती कठीण आहे हे तिच्या हाताला ठाऊक आहे. मग तिला एक खळगा दाखवा. पुराचं पाणी खोलगट जागेत गरगर फिरतं, त्यात सापडलेला गोटा फिरत राहतो, खडकाला घासतो आणि स्वतःही झिजून जातो. पुढच्या पुरात दुसरा गोटा येतो. बघत बसा. आई काही बोलली तर ऐका, नाही बोलली तर विचारू नका.

आता बाटली काढा. जुन्नर तालुक्यात कुकडेश्वराजवळ उगम पावलेलं पाणी या घळीतून गेलं, घोडला मिळालं, भीमेला मिळालं, उजनीत साठलं, तुमच्या घरी आलं. तुम्ही ते वीस किलो करून पाठीवर घेतलंत आणि जिथून ते खाली वाहून गेलं तिथंच परत आणलंत. सगळी वाट जे ओझं वाटत होतं, ते याच घळीचं होतं. हा विचार मनात जेवढा वेळ राहील तेवढा राहू द्या. थोरलीला सांगावासा वाटेल. सांगा. ती ‘हं’ म्हणेल. तेवढं पुरे.

पाणी खळग्यात ओतायचा मोह होईल, नदीचं नदीला म्हणून. ओतू नका. अजून परतीची वाट आहे आणि तहान खरी आहे. आधी धाकट्याला द्या, मग आईला. तुम्ही शेवटी प्या, पण प्या. कर्तेपणाच्या नादात तहानलेलं राहणारा माणूस उन्हात सगळ्यांनाच अडचणीत आणतो.

आता ओझं पुन्हा वाटा. सकाळची वाटणी दुपारी चालत नाही. रिकाम्या बाटल्या लेकरांकडं द्या, त्यांच्याकडं उरलेलं पाणी तुमच्या सॅकमध्ये घ्या. आईची बाटली आईकडंच राहू द्या. घळीतून वर यायला चढ आहे आणि उन्हं अजून उतरलेली नाहीत.