सोवळे आणि सेवा

सेवाधर्मात भीतीला स्थान आहे काय, हा प्रश्न आमच्या अकोट्यातील मंडळींत अद्यापि मधून मधून निघतो. ज्याने रुग्णसेवेचे व्रत घेतले त्याने जिवाची पर्वा करू नये, असे वडीलधारी माणसे म्हणतात. आमचेही मत पूर्वी तसेच होते.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. शेजारच्या एक परिचारिका ताई तेव्हाही विश्वामित्रीचा पूल ओलांडून रोज कामावर जात. परतल्यावर कपडे अंगणातच साबणाच्या पाण्यात बुडवीत आणि स्नान करून मगच घरात येत. लहानगा मुलगा दारातून हाका मारी. त्या त्याच्याकडे पाहतही नसत. आम्ही पुजाऱ्याच्या घरी वाढलेले; आम्हांस वाटले, हे तर आमच्यासारखेच सोवळे! पुढे ध्यानात आले की गोष्ट उलट आहे. दुसऱ्याच्या स्पर्शाने आपण विटाळू नये, ही सोवळ्यातील चिंता. आपल्या स्पर्शाने दुसऱ्यास बाधा होऊ नये, ही त्यांची.

संरक्षक पोशाख घालण्यापेक्षा उतरविण्यातच धोका अधिक, असे त्या सांगत. बाहेरची बाजू दूषित समजावयाची, मुखपट्टी सर्वांत शेवटी काढावयाची, साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद द्यावयाचे. आठ तासांनी थकलेले शरीर घाई करू पाहते. तेथे मनातील धाकच हाताला आवरतो. अशा भीतीस भ्याडपणा कसे म्हणावे?

येथे कोणी सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण देईल. पुण्याच्या प्लेगात रोगी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. परंतु प्लेग पिसवांमार्फत पसरतो हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखविले ते १८९८ साली. कशापासून जपावे हेच जेथे कोणास नीट ठाऊक नव्हते, तेथे त्यांनी सावधगिरी टाकली असे म्हणता येत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने ती टाकणे ही गोष्ट निराळी.

खरी लाज वाटावी अशी भीती आमचीच होती. २२ मार्चच्या सायंकाळी आम्ही घंटा वाजविली, थाळ्या वाजविल्या. पुढे महिन्याभरातच वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांमुळे १८९७ चा साथरोग कायदा वटहुकुमाने कडक करावा लागला. आम्ही कोणावर हात उगारला नाही, हे खरे. मात्र देवळे उघडल्यावर ताई आल्या तेव्हा आम्ही प्रसाद कठड्यावर ठेवला आणि मागे सरलो. सर्वांना तसाच दिला असता तर ती सावधगिरी ठरती. इतरांना आम्ही हातावर दिला होता.

१६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले, आरोग्यसेवकांपासून. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ताई पुन्हा आरतीला आल्या आणि सवयीने खांबाआड दूर उभ्या राहिल्या. वडील तीर्थाची पळी घेऊन पायऱ्या उतरले. आम्ही मागे प्रसादाचे ताट धरून उभे होतो; आमची मान वर झाली नाही.