फरशीपेक्षा बारीक घड्याळ

पोहण्याच्या शर्यतीत पहिला कोण, हे कोण ठरवतं? तुम्ही म्हणाल घड्याळ. पंचही म्हणतील घड्याळ. पण घड्याळाच्या आधी एक माणूस तिथं येऊन गेलेला असतो. त्याच्या हातात थापी असते, ओळंबा असतो, सुतळीचा गुंडा असतो. तो फरशी बसवतो, सांधे भरतो, मजुरी घेतो आणि जातो. मग पाणी येतं. मग खेळाडू येतात. मग टाळ्या. त्या गवंड्याचं नाव पाटीवर नसतं, म्हणून रडगाणं गाण्यासाठी हे लिहीत नाही. प्रश्न वेगळा आहे. गवंड्याच्या हाताला जेवढं अचूक जमतं त्यापेक्षा बारीक निकाल लावायचा अधिकार घड्याळाला आहे काय? प्रश्न खेळाचा दिसतो. खेळापुरता तो नाही.

मुरगूडच्या माणसाला तलाव म्हणजे काय हे शिकवायला नको. गावाला सर पिराजीराव तलाव आहे, जवळनं वेदगंगा वाहते. या पाण्याला लांबी-रुंदीचा हिशोब नाही. पाऊस झाला की फुगतं, उन्हाळ्यात उतरतं. काठ वाकडा असला तरी कुणाचं काही बिघडत नाही. पाठीला डबा बांधून पोहणं सुरू होतं आणि एक दिवस डबा सुटतो, झालं शिक्षण. शर्यतीच्या तलावाची गोष्टच निराळी. तिथं प्रत्येकाला सारखं पाणी मिळालं पाहिजे ही पहिली अट. आणि सारखं पाणी निसर्गात नसतं. ते बांधावं लागतं.

ते कसं बांधतात बघा. मोठ्या स्पर्धेचा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद. खोली दोन मीटर धरली तरी पाणी झालं २५ लाख लिटर. पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी संकुल उभं राहिलं, तिथला तलाव याच मापाचा. आधी लोखंड बांधून काँक्रीटचं पात्र ओततात. एका दमात सगळं ओतता येत नाही, म्हणून जोड राहतात. पाणी पळून जाणार ते या जोडातनं, म्हणून ओततानाच त्यात रबरासारखी पट्टी घालून ठेवतात. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आपल्याकडं वेगळं भारतीय मानकच आहे, क्रमांक ३३७०. घराच्या स्लॅबला पडलेली बारीक चीर खपते, इथं खपत नाही. पाणी त्या चिरेतनं लोखंडाला भेटतं, लोखंड गंजून फुगतं आणि काँक्रीट आतनं फोडतं.

पात्र तयार झालं की फरशी लावायच्या आधी ते पाण्यानं भरतात आणि काही दिवस पातळी बघत बसतात. पातळी उतरली तर गळतंय असं लगेच म्हणत नाहीत. कारण ऊनही पाणी पितं. त्यासाठी साधी युक्ती आहे. पाण्यानं भरलेली एक बादली तलावातच उभी करायची. बादलीतलं आणि तलावातलं पाणी सारखंच उतरलं तर ते उन्हानं नेलं. तलावातलं जास्त उतरलं तर भिंतीनं नेलं. दोष कुणाचा हे ठरवायच्या आधी परिस्थितीचा वाटा वजा करायचा, एवढी अक्कल एका बादलीत आहे. ती लक्षात ठेवा.

मग पाणी काढून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारतात, एक उभा, एक आडवा. त्यावर गिलावा. त्यावर फरशी. पाणी न पिणारी, भट्टीत कडक भाजलेली. सांध्यात साधा सिमेंट भरला तर क्लोरीनचं पाणी तो हळूहळू खातं, म्हणून इपॉक्सी भरतात. तळाला प्रत्येक लेनच्या मधोमध काळ्या फरशीचा पट्टा, पोहणाऱ्याला दिशा कळावी म्हणून. आणि काठ. काठावरून पाणी चारी बाजूंनी सारखं सांडलं पाहिजे. तलावाचा घेर १५० मीटर. तेवढ्या घेरात काठ एका कोपऱ्याला बोटभर खाली गेला तर सगळं पाणी तिकडंच धावणार. गवंडी हे जोखतो पारदर्शक नळीनं. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची. दोन्हीकडं पाणी एका उंचीला येऊन थांबतं. पाण्याला कुणाची भीड नाही.

आता लांबी. नियम असा आहे की ५० मीटरपेक्षा एक मिलिमीटरही कमी चालत नाही. जास्त झाली तर थोड्या मिलिमीटरची सूट. त्यात वेळ मोजणारी पट्टी भिंतीला लावतात, ती सेंटीमीटरभर जाड. ती लावल्यावरही ५० भरले पाहिजेत. म्हणजे गवंड्याला गिलाव्याची जाडी, चिकटवायच्या मसाल्याची जाडी, फरशीची जाडी सगळं आधी मनात धरून काम करावं लागतं. तरीही भिंत ही भिंत आहे. एखादी फरशी केसभर पुढं, एखादी केसभर मागं राहणारच. जगातल्या कुठल्याही मिस्तरीला विचारा. तो खोटं सांगणार नाही.

१९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. पुरुषांची ४०० मीटर मिडले शर्यत. स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघांची वेळ शंभराव्या भागापर्यंत एकच, ४ मिनिटं ३१.९८ सेकंद. मग हजारावा भाग बघितला. लार्सन ४:३१.९८१, मॅकी ४:३१.९८३. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागानं सुवर्ण एकाला, रौप्य दुसऱ्याला.

आता पाटी-पेन्सिल घ्या. हे दोघं सेकंदाला साधारण दीड मीटर जात होते. दोन हजाराव्या भागात होतं तीन मिलिमीटर अंतर. शर्यत आठ फेऱ्यांची. म्हणजे एका फेरीला अर्ध्या मिलिमीटरहून कमी. एकाची लेन दुसऱ्याच्या लेनपेक्षा एवढीशी लांब असली तर? नखाच्या जाडीएवढी? मॅकीची लेन लांब होती असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच की घड्याळ ज्याला पोहणाऱ्याचा वेग म्हणत होतं तो गवंड्याच्या थापीचा फरकही असू शकला असता, आणि दोन्हीतला भेद करायची ताकद त्या घड्याळात नव्हती.

पुढं नियम बदलला. वेळ शंभराव्या भागापर्यंतच धरायची, तिथं दोघं सारखे आले तर दोघंही पहिले. हजारावा भाग मोजणारं यंत्र हाताशी होतं. तरी ते वाचायचं नाही असं ठरलं. १९८४ साली लॉस एंजेलिसला महिलांच्या १०० मीटरमध्ये नॅन्सी हॉग्सहेड आणि कॅरी स्टाइनसाइफर दोघींची वेळ ५५.९२ आली. सुवर्णं दोन दिली. कुणाचंही काही वितळलं नाही.

मित्रांनो, या निर्णयात मोठी नीती आहे. माणसाला दिलेली वाट जेवढी सारखी आहे तेवढंच बारीक त्याचं माप घ्यावं. त्याच्यापुढचा आकडा खरा दिसतो, पण तो माणसाचा नसतो, वाटेचा असतो. वाटेचा आकडा माणसाच्या नावावर लिहिणं म्हणजे अन्याय. आणि तो गणिताच्या वेशात येतो, म्हणून त्याच्याशी भांडता येत नाही.

याच वर्षी, म्युनिकच्या आधी काही दिवस, त्याच देशात हायडेलबर्गला अपंगांचं ऑलिंपिक झालं. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तिथं ५० मीटर पोहले आणि सुवर्ण घेऊन आले. वेळ ३७.३३ सेकंद, तेव्हाचा जागतिक विक्रम. हे सैनिक. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या. तिथं शरीराच्या अवस्थेप्रमाणे गट पाडतात आणि मगच घड्याळ लावतात. पेटकरांचं सुवर्ण कमअस्सल आहे असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणू नये. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कुणीतरी उसळून म्हणेल, मग आम्ही काय अपंग आहोत? नाही. आपल्या हातापायात, डोक्यात काही कमी नाही. दाखला शरीराचा नाही, मापाचा आहे. माप लावायच्या आधी वाट तपासतात, एवढंच त्यातनं घ्यायचं.

कारण लेन केसभर कमी-जास्त असण्याच्या फार आधीचा एक प्रश्न आहे. पाण्यात उतरायला मिळालं काय? गावात पोहायला शिकायचं तर विहीर लागते. विहीर रानात असते. रान कुणाचं? ज्याला रान नाही त्याच्या पोरानं डबा कुठं बांधायचा? महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं १९२४ साली ठरावानं सगळ्यांना खुलं केलं होतं. कागदावर लेन सारखी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागं माणसं प्रत्यक्ष पाण्याशी गेली तेव्हा डोकी फुटली, आणि नंतर तळं शेण-गोमूत्र ओतून शुद्ध करून घेण्यात आलं. हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला तो १७ मार्च १९३७ ला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं. ही दहा वर्षं कुठल्या घड्याळात धरायची?

आणि हे फक्त आपल्याच देशातलं नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी १८ जून १९६४ ला काळे आणि गोरे सत्याग्रही मिळून एका मोटेलच्या तलावात उतरले. मोटेलच्या मॅनेजरनं पाण्यात म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड ओतलं. हे अ‍ॅसिड गवंडी लोकांना चांगलं माहीत आहे. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला तेच वापरतात. महाडला पाणी माणसांपासून शुद्ध केलं, तिथं माणसं पाण्यातनं धुवून काढायला निघाले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सिनेटनं नागरी हक्कांचा कायदा मंजूर केला.

त्यानंतर ५२ वर्षांनी, २०१६ साली रिओला, सिमोन मॅन्युएल ही काळी अमेरिकन मुलगी १०० मीटर पोहली. वेळ ५२.७०. कॅनडाची पेनी ओलेक्सियाक, तिचीही वेळ ५२.७०. सुवर्ण दोघींना. पोहण्याच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिक सुवर्ण घेणारी सिमोन ही पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. हजारावा भाग वाचला असता तर काय झालं असतं ते कुणी सांगू नये. तो वाचायचा नाही, हाच शहाणपणा.

आता आपल्याकडं बघा. पोहणाऱ्यांनी तीन आकड्यांवरून दोन आकड्यांवर माघार घेतली. आपल्या इंजिनिअरिंगच्या जेईई मेन परीक्षेत पर्सेंटाईल दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत काढतात, बरोबरीत माणसं येऊ नयेत म्हणून. एक पोरगं कोचिंगच्या गार खोलीत बसलेलं, एक बापाबरोबर पाट्या उचलून आलेलं. दोघांच्या वाटेत केसाचा नाही, मैलांचा फरक. आणि निकाल सातव्या दशांशावर! वर त्याला नाव मेरिट. ही मोजणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती फरशीपेक्षा बारीक आहे, असं म्हणतो. बादली कुठं ठेवली तुम्ही? उन्हानं किती नेलं ते वजा केलं काय?

विचारतील, मग शर्यतच नको काय? पाहिजे की. एक सेकंद म्हणजे एक सेकंदच. पुढं असलेला पुढंच. लार्सनचं सुवर्णही कुणी काढून घेतलं नाही, आजही ते त्याचंच आहे. फक्त पुढच्यांसाठी नियम सुधारला. एवढंच मागणं आहे.

आणखी एक. आमच्यातले काही म्हणतात, तलाव आम्ही बांधला म्हणून तो आमचा. मला हे पटत नाही. चवदार तळं आपण बांधलं होतं म्हणून आपण गेलो नव्हतो. सार्वजनिक पाणी होतं, आणि आपण माणसं होतो, म्हणून गेलो. हक्क तेवढ्यानं पुरा होतो. बांधणाऱ्याचा म्हणून जो मान आहे तो वेगळा. तो म्हणजे त्याचं ऐकणं. गवंडी फरशी बसवून झाली की थापीच्या दांड्यानं एकेक ठोकून बघतो. खाली पोकळ असेल तर आवाज बदलतो. वरनं चकचकीत दिसली तरी ती उखडून पुन्हा बसवतो, कारण आज ना उद्या पाणी तिला उचलणारच. निकाल लावणाऱ्यांनी आधी हे काम शिकून घ्यावं. ठोकून बघावं. मग खुशाल घड्याळ लावावं.