अपमान सोसणें व अपमान मान्य करणें

खेड्यापाड्यांतील आमच्या उपदेशक बंधूंस एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्याचें उत्तर आम्ही बहुधा घाईनें देतों. जन्मावरून कोणी हिणवलें, तर ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें? उत्तर ठरलेलें आहे: सोसावें. हें उत्तर खोटें नव्हे. परंतु तें अर्धें आहे, आणि अर्धें उत्तर व्यासपीठावरून सांगितलें म्हणजे ऐकणाऱ्याच्या खांद्यावर आणखी एक ओझें मात्र चढतें. आम्हीं स्वतः असा उपदेश अनेक वेळां केला आहे, हें कबूल केलें पाहिजे. म्हणून एका मनुष्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवितों. तो धर्मोपदेशक नव्हता. फुटबॉल खेळून पोट भरणारा होता, व मागाहून शिपाई झाला.

वॉल्टर टल ह्याचा जन्म 28 एप्रिल 1888 रोजीं इंग्लंडांतील फोकस्टन गांवीं झाला. बाप बार्बेडोस बेटांतून आलेला सुतार, आजा गुलामगिरींत जन्मलेला. आई मात्र केंट परगण्यांतील गोरी स्त्री. आई 1895 सालीं वारली, बाप 1897 सालीं. सावत्र आईस इतक्या मुलांचा सांभाळ करवेना, तेव्हां वॉल्टर व त्याचा वडील भाऊ एडवर्ड ह्यांस लंडनमधील बेथनल ग्रीन येथील मेथॉडिस्ट मंडळीच्या अनाथगृहांत पाठविण्यांत आलें. मिशनच्या बोर्डिंगांत वाढलेल्या वाचकांस त्या घराचें वर्णन सांगावयास नको! पुढें एडवर्डास ग्लासगो शहरांतील एका कुटुंबानें दत्तक घेतलें, आणि तो दंतवैद्य झाला. वॉल्टर मागें राहिला. त्यानें छापखान्याचें काम शिकून घेतलें, आणि अनाथगृहाच्या संघांत तो चेंडू खेळूं लागला.

1909 सालीं टॉटनहॅम हॉटस्पर ह्या नामांकित संघानें त्यास पगारावर घेतलें. त्या काळीं पहिल्या वर्गाच्या सामन्यांत काळ्या वर्णाचा खेळाडू दिसणें ही नवलाचीच गोष्ट होती. त्याच वर्षीं आक्टोबर महिन्यांत ब्रिस्टल येथें सामना झाला, तेव्हां प्रेक्षकांतील कांहीं लोकांनीं त्याच्या वर्णावरून अशी घाण शिवीगाळ केली कीं, तेथें हजर असलेल्या एका बातमीदारानें आपल्या पत्रांत तिचा उघड निषेध केला. गोऱ्या खेळाडूंनीं ह्याच्या वागणुकीचा कित्ता गिरवावा, अशा आशयाचें त्यानें लिहिलें. तरी पुढें मुख्य संघांत टल क्वचितच दिसूं लागला, व 1911 सालीं तो नॉर्दम्प्टनच्या संघांत गेला. तेथें तो शंभरांहून अधिक सामने खेळला.

आतां, त्या दिवशीं मैदानावर तो उलटून बोलला नाहीं, एवढेंच सांगून आम्हीं उपदेश संपविला असता. परंतु पाहा, तो मैदान सोडूनहि गेला नाहीं. शिवी देणाऱ्यांचें म्हणणें असें होतें कीं, ही जागा तुझी नव्हे. तो त्या जागेवर उभा राहून खेळत राहिला. ओरडणाऱ्यांचें तोंड त्यास बंद करतां आलें नाहीं, पण त्यांचा निवाडा त्यानें स्वीकारला नाहीं. पवित्र शास्त्रांतहि हा भेद आहे. फिलिप्पै येथें पौलानें फटके सोसले. परंतु सकाळीं अधिकाऱ्यांनीं त्यास गुपचूप जावयास सांगितलें, तेव्हां तो गेला नाहीं. त्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असा त्यानें आग्रह धरिला. आणि प्रभूनेंहि चपराक मारणाऱ्या शिपायास, मला कां मारतोस, असें विचारलेंच ना? सूड न घेणें निराळें, आणि अन्यायास न्याय म्हणणें निराळें. पाटलाच्या अंगणांत दूर बसविलेल्या आमच्या बंधूनें शिवी परत देऊं नये, हें ठीक. पण आपली जागा देवानेंच तेथें नेमिली आहे असें त्यानें मानावें, हें आम्हांस कोणीं शिकविलें?

पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां डिसेंबर 1914 मध्यें टल मिडलसेक्स रेजिमेंटच्या 17 व्या पलटणींत दाखल झाला. ही खेळाडूंची पलटण म्हणून ओळखली जाई. तो सार्जंट झाला, आणि 1916 सालीं सोम नदीच्या भयंकर लढाईंत होता. युद्ध म्हणजे पुण्यकर्म, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा प्रश्न दुसरा आहे. सैन्यांत अधिकारी होणारा मनुष्य शुद्ध युरोपीय वंशाचा असावा, अशी त्या वेळीं अट होती. तरी वरिष्ठांनीं टलची शिफारस केली, व 30 मे 1917 रोजीं तो सेकंड लेफ्टनंट झाला. हें त्याच्या योग्यतेमुळें, कीं शेंकडों अधिकारी मेल्यामुळें पडलेल्या गरजेमुळें? आमच्या मतें दोन्ही कारणें खरीं होतीं.

गरजेनें उघडलेल्या दाराविषयीं मात्र आम्ही महाराष्ट्रीय कांहीं जाणतों. ज्या सरकारनें 1892 च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली, त्याच सरकारनें 1917 सालीं 111 वी महार पलटण उभारली, आणि युद्ध संपल्यावर 1921 सालीं ती मोडून टाकिली. 1941 सालीं गरज पडतांच पुन्हां महार रेजिमेंट! असें दार केव्हां बंद होईल ह्याचा भरंवसा नसतो. तरी त्यांतून आंत जाणाऱ्यास आम्ही दोष देणार नाहीं. आंत गेलेल्या मनुष्याचें काम पुढच्यास दाखवितां येतें.

टलनें तें काम केलें. जानेवारी 1918 मध्यें इटलींत पियावे नदी ओलांडून त्यानें 26 शिपायांची तुकडी शत्रूच्या हद्दींत नेली, आणि सर्वांस सुखरूप परत आणिलें. त्याच्या शौर्याची व शांत चित्ताची मेजर जनरल लॉफर्ड ह्यांनीं लेखी प्रशंसा केली. मिलिटरी क्रॉससाठीं त्याची शिफारस झाली होती, असें त्याच्या पलटणींतील एका अधिकाऱ्यानें एडवर्डास पत्रांत कळविलें. तें पदक त्यास मिळालें नाहीं.

25 मार्च 1918 रोजीं फ्रान्समध्यें फाव्रुइ गांवाजवळ जर्मन सैन्य पुढें सरकत असतां टलला गोळी लागली. त्याच्या हाताखालील गोऱ्या शिपायांनीं त्यास मागें आणण्याची खटपट केली. बिलिंगहॅम नांवाचा एक शिपाई, जो पूर्वीं गोलकीपर होता, त्यास गोळ्यांच्या वर्षावांत कांहीं अंतर ओढीत घेऊन आला. परंतु शत्रु अगदीं जवळ आल्यामुळें त्यास तेथेंच सोडावें लागलें. देह पुढें कधींच सांपडला नाहीं. ज्या हजारों शिपायांची कबर ठाऊक नाहीं त्यांचीं नांवें आरास येथील भिंतीवर कोरिलीं आहेत, त्यांत टलचेंहि नांव आहे.