जानेवारीत न केलेलं काम

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक लांबलचक मेसेज टाकला होता. गेटजवळचा गुलमोहर पावसाळ्याआधी 'अर्धा उतरवायचा' असं कमिटीचं चाललं होतं. झाड तेव्हा पेटल्यासारखं फुललेलं. मी सावली, पक्षी, तापमान, पुढची पिढी असं सगळं लिहिलं. भरपूर हार्ट आले. छाटणी पुढे ढकलली गेली आणि दोन दिवस मी स्वतःवर खूश होतो.

जूनमध्ये वाऱ्यासकट पहिला मोठा पाऊस आला आणि एक वाळलेली फांदी तुटून इस्त्रीवाल्या काकांच्या गाडीवर पडली. त्यांचं उजवं मनगट मोडलं. दीड महिना काम बंद. मी जाऊन थोडे पैसे दिले. त्यांनी घेतले, मोजले नाहीत.

त्यानंतर मला सारखं एकच आठवत राहिलं. जानेवारीत शर्ट घ्यायला गेलो होतो, तेव्हा काकांनी वर बोट दाखवलं होतं. "दादा, पानं गळालीत तोवर बघून घ्या. ती फांदी वाळलीये." मी "कमिटीला सांगतो" म्हणालो आणि विसरलो.

कॉलेजात आम्ही ट्रॉलीच्या कोड्यावर रात्र-रात्र भांडायचो. १९६७ साली फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी ते मांडलं. ब्रेक नसलेली ट्रॉली, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक. वळवायची की नाही? आपण काही केल्याने झालेलं नुकसान आणि काही न केल्याने झालेलं नुकसान यांचं वजन सारखं असतं का? मी तेव्हा हिरिरीने म्हणायचो, हात न लावणारा कमी दोषी. मे महिन्यातही मी तेच केलं होतं. फांदी मी पाडली नाही, मी फक्त कुऱ्हाड थांबवली.

आता वाटतं, त्या कोड्यात एक सोय आहे. ते सुरू होतं तेव्हा ब्रेक आधीच गेलेले असतात. ते कुणी तपासायचे होते आणि कधी, हे कोडं विचारत नाही. झाडाच्या बाबतीत ते विचारता येतं.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वाढतो भराभर, पण त्याचं लाकूड ठिसूळ. हिवाळ्यात पानं गळतात आणि काही आठवडे त्याचा सांगाडा उघडा पडतो. कुठली फांदी वाळलीये, कुठे दोन फांद्या एकमेकींवर घासतायत, कुठे बेचक्यात चीर गेलीये, हे तेव्हा जमिनीवरून दिसतं. तेव्हा दोन-तीन फांद्या काढल्या की भागतं. मे महिन्यात झाड फुलांनी भरलेलं असतं, पाऊस तोंडावर असतो, सगळे घाईत असतात. मग दोनच पर्याय उरतात, 'अर्धं उतरवा' किंवा 'हात लावू नका'. मी दुसऱ्याची बाजू घेतली आणि तिला झाडावरचं प्रेम म्हटलं.

अपघातानंतर पहिल्या पर्यायाची पाळी आली. आठवड्याभरात गुलमोहराचा सगळा वरचा भाग उडवला गेला. भीतीपोटी केलेलं हे कामही तितकंच आंधळं होतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या. त्याचं सांगणं असं, की आपली कातडी भरून येते तशी झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत भिंती घालून कोंडतं आणि त्याच्या बाहेरून नवं लाकूड वाढवतं. जखम आत तशीच राहते. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. कापायचं ते त्या कड्याच्या किंचित बाहेर. कडंच कापलं तर कूज खोडात शिरायला वाट मिळते, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जड फांदी आधी थोडी पुढून, खालच्या अंगाने अर्धवट कापायची, म्हणजे पडताना ती खोडाची साल ओढून नेत नाही. शेंडाच उडवलेल्या झाडाला झाडूसारखे फुटवे येतात. ते वरवरच चिकटलेले असतात, जाड झाले की आधीच्या फांद्यांपेक्षा सहज निखळतात. म्हणजे आम्ही सुरक्षिततेच्या नावाखाली पुढचा अपघात लावून ठेवला.

मुळांशी पाहिलं तर गोष्ट आणखी मागे जाते. पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक अगदी खोडापर्यंत बसवलेले. पाणी शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात, त्यांना हवा लागते. झाडांभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवावी असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीसाठी दिला होता. आमच्याकडे वीतभरही जागा नव्हती. ब्लॉक बसवले त्या वर्षी मी ग्रुपवर एक ओळ लिहिली नव्हती. माझी बाईक तिथेच लागते.

खरा हिशेब इथे लागतो. सावली मला मिळत होती, फुलांचे फोटो मला मिळत होते, पार्किंग मला मिळत होतं. फांदीखाली दिवसाचे दहा तास काका उभे असायचे. माझ्या तत्त्वाची किंमत त्यांच्या मनगटाने भरली आणि नंतर झाडाने. आपण निसर्गाच्या बाजूने उभे आहोत असं वाटतं तेव्हा त्या झाडाखाली कोण उभं आहे, हे विचारलं पाहिजे. आणि ते मे महिन्यात विचारून फारसा उपयोग नसतो.

ऑफिसात आम्ही हे रोज पाहतो. रात्री दोन वाजता सर्व्हर वाचवणाऱ्याचं कौतुक होतं. ज्याने महिनाभर आधी वॉर्निंग वाचून डिस्क साफ केली, त्याचं नावही कुणाला माहीत नसतं. झाड लावतानाचा फोटो असतो, झाड पडल्याची बातमी असते. जानेवारीत मान वर करून पाहिल्याचं काहीच नसतं. कदाचित म्हणूनच ते काम राहून जातं. नैतिक पेच म्हणून आपण ज्यावर तावातावाने बोलतो, त्यातले बरेचसे असे चुकलेले हंगाम असतात, असं मला आता वाटतं. सगळे नाही. पण बरेचसे.

सध्या माझ्या फोनमध्ये १० जानेवारीचा रिमाइंडर आहे, दर वर्षी येणारा. त्या आठवड्यात झाडं पाहायची, फोटो काढायचे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, कारण छाटणीलाही परवानगी लागते. मार्चमध्ये कापणाऱ्या माणसापाशी स्वतः उभं राहायचं. गेल्या वर्षी खोडाभोवतीचे ब्लॉक काढून घेतले, दोन गाड्यांची जागा गेली. ग्रुपवर हार्ट आले नाहीत, शिव्या आल्या.

काकांची गाडी आता भिंतीच्या कडेला असते, उन्हात, वर ताडपत्री. गुलमोहराखाली या म्हटलं तर हसून नको म्हणतात. यंदा रिमाइंडर वाजायच्या दोन दिवस आधीच त्यांनी मला हाक मारली.

"दादा, पानं गळाली."