दत्तकाचा भांडणाचा हक्क

दत्तक मुलाने नव्या घराचे उपकार मानावेत, उलट बोलू नये, अशी अपेक्षा आपल्याकडे सर्रास बाळगली जाते. धर्माचा आधार हवा असेल तर ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची कथा नीट वाचावी. भुकेने गांजलेल्या अजीगर्ताने शंभर गाईंवर मधला मुलगा बळीसाठी विकला, आणखी शंभर घेऊन त्याला यूपाला बांधले, आणि आणखी शंभरांसाठी हाती शस्त्रही घेतले. देवांच्या स्तुतीने पाश गळून पडले, तेव्हा मुलगा विश्वामित्रांच्या मांडीवर जाऊन बसला. परत बोलावणाऱ्या जन्मदात्याला त्याने सुनावलेच. पण आश्रय देणाऱ्यालाही विचारले, की मी आंगिरस कुळातला, तुमचा पुत्र कसा होणार? ज्येष्ठपणाचे वचन मिळाल्यावरही, ते तुमच्या मुलांच्या संमतीने द्या, असा त्याने आग्रह धरला. जीव नुकताच वाचलेला हा मुलगा आपल्या जागेबद्दल बोलत होता, आणि विश्वामित्रांना त्यात कृतघ्नपणा दिसला नाही.

घरात मात्र फूट पडली. एकशे एक मुलांपैकी मधुच्छंद आणि त्याच्याहून धाकट्या पन्नासांनी नवा भाऊ मानला, थोरल्या पन्नासांनी नाकारला, आणि बापाने त्यांना शाप दिला. हा शाप मला पटत नाही. हातचे ज्येष्ठपण जाताना राग यायचाच. तो ऐकून घेण्याआधी पोटच्या मुलांना तोडणे हा अन्यायच होता. तरीही, नवे मूल आले की घर आपोआप गोड होते, असे ही कथा भासवत नाही.

यावर कोणी म्हणेल, एकदा टाकल्या गेलेल्या मुलाला चढलेला आवाज म्हणजे पुन्हा हाकलले जाण्याची चाहूल वाटते. त्याला भांडखोर घर कसे मानवेल? आक्षेप खरा आहे, म्हणूनच भांडण कशावरून होते याला महत्त्व आहे. अभ्यासावरून, जेवणावरून, भावंडांच्या वाटणीवरून खुशाल भांडावे. तो या घरचा आहे की नाही, हा वादाचा विषयच नव्हे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार वैध दत्तक आई-वडिलांना रद्द करता येत नाही, मुलालाही ते झुगारून जन्मघरी परतता येत नाही. ही खात्री मनात मुरली की मूल रुसते, ओरडते, दार आपटते, आणि जेवायच्या वेळी पानावर येऊन बसते. कृतज्ञता हा गुणच आहे, पण पोटच्या मुलाकडून मागतो त्याहून कणभरही जास्त ती दत्तकाकडून मागू नये. संतापाच्या भरात आई-वडिलांनी काहीही बोलावे, पण ‘तुला आम्ही आणलं’ एवढे मात्र कधीही बोलू नये.