दुसऱ्याच्या पंखांवरचे दान

ऑस्कर वाइल्ड या आयरिश लेखकाची ‘सुखी राजपुत्र’ ही परीकथा १८८८ साली प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी अनेकांनी ती बालपणी ऐकली असेल. राजवाड्याच्या तटाआड ज्याने कधी दुःख पाहिले नाही, त्या राजपुत्राचा पुतळा मरणोत्तर उंच स्तंभावर उभारला जातो आणि नगरातील सारे दैन्य त्याला दिसू लागते. मिसर देशाकडे निघालेली एक पाकोळी त्याच्या पायांशी रात्रीपुरती विसावते. तिच्या चोचीतून तो आपल्या तलवारीचे माणिक आजारी मुलाच्या कष्टकरी आईला पाठवतो. एका डोळ्याचा नीलमणी उपाशी लेखकाला, तर दुसऱ्याचा काड्या विकणाऱ्या मुलीला देतो.

शुभवर्तमानात प्रभूच्या कळवळ्यासाठी जे ग्रीक क्रियापद येते, त्याचे मूळ ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दात आहे. आपणही ‘आतडे तुटले’ असेच म्हणतो. राजपुत्राचा कळवळा याच जातीचा आहे. त्याने शिल्लक टाकली नाही, डोळे दिले.

तथापि या कथेत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. राजपुत्राचे पाय स्तंभाला जखडलेले. म्हणून त्याचे प्रत्येक दान पाकोळीच्या पंखांवरून जाते. “आणखी एकच रात्र थांब,” अशी तो पुनःपुन्हा विनवणी करतो, आणि हिवाळा जवळ येत राहतो. आपल्या औदार्यासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणाला आहे काय?

कोणी म्हणेल, आंधळा झाल्यावर राजपुत्राने तिला जाण्यास सांगितलेच होते. हे खरे आहे, आणि तेथेच कथेचे मर्म आहे. आता ती विनवणीमुळे थांबत नाही, स्वेच्छेने थांबते. स्वेच्छेवाचून त्याग नाही. सक्तीने घेतलेला त्याग ही निव्वळ लूट होय. प्रभूनेही आपला प्राण आपण होऊन दिला, तो कोणी हिरावून घेतला नाही, असे योहान आवर्जून नोंदवतो.

तरीही राजपुत्र पूर्णपणे निर्दोष सुटत नाही. अंगावरचे सोने तो पानापानाने वाटत राहतो. बर्फ पडते, पाकोळी गारठत जाते, आणि ते त्याला दिसत नाही. ती निरोप घ्यायला येते, तेव्हा ती मिसरला निघाली असे समजून त्याला आनंद होतो. दूरच्या दरिद्र्यांसाठी ज्याने डोळे दिले, त्याला खांद्याजवळचे मरण दिसले नाही. ते कळताच त्याचे शिशाचे हृदय दुभंगते.

वाचकहो, आपल्या सेवेचे कौतुक होते, तेव्हा ती कोणाच्या पंखांवरून चालली आहे, हे पाहावे. मध्यरात्री आलेल्या पाहुण्यासाठी चूल पेटवणारी पत्नी, वडिलांची वाट पाहून झोपी गेलेली मुले, तुटपुंज्या वेतनावर राबणारा मदतनीस: यांना कोणी कधी विचारले होते काय? कथेच्या शेवटी देव त्या नगरातील दोन अमूल्य वस्तू मागतो. देवदूत दुभंगलेल्या हृदयासोबत मेलेली पाकोळीही नेतो.